पीस लिली हिरवीगार, पण फूल नाही: आधी उजेड मोजून बघा

तक्रार दरवर्षी तीच, फक्त विचारणारं माणूस बदलतं. नर्सरीतून आणली तेव्हा पीस लिलीला सात-आठ पांढरी फुलं होती. महिना-सव्वा महिना टिकली, मग हिरवट पडली, सुकली, कापून टाकली. त्याला आता दोन वर्षं झाली. झाड मेलेलं नाही, उलट चांगलं गच्च झालंय, पण फुलाचं नाव नाही. मग कुणीतरी सांगतं, "उजेड कमी पडतोय, उन्हात ठेव." एप्रिलमध्ये कुंडी गॅलरीत जाते आणि आठ दिवसांत पानांवर करपलेल्या पापडासारखे डाग पडतात. घाबरून ती परत हॉलच्या कोपऱ्यात. पावसाळ्यात पानं पिवळी पडतात, दिवाळीत जरा बरं दिसतं, आणि पुढच्या एप्रिलला कुणीतरी पुन्हा सांगतं, उन्हात ठेव.

माझ्या घरी हे रहाटगाडगं तीन वर्षं फिरलं. त्या काळात मी खत बदललं, कुंडी बदलली, माती बदलली, पाण्याचे दिवस बदलले. उजेड तेवढा कधी मोजला नाही. खोलीत दिसतंय ना सगळं स्वच्छ, मग मोजायचं काय? नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं.

सावली, पण कुठली?

पीस लिली म्हणजे स्पॅथिफायलम. नावात लिली असली तरी लिलीशी तिचं काही नातं नाही. ही अळू-सुरणाच्या कुळातली. मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली दमट जंगलं. मोठ्या झाडांखाली, बरेचदा ओढ्याकाठी वाढते. आपण ज्याला फूल म्हणतो ते पांढरं पान आहे, आणि खरी फुलं त्याच्या पोटातल्या कणसावर बारीक-बारीक चिकटलेली असतात. सुरणाला फूल आलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना ही रचना लगेच ओळखू येईल.

कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर, माडाखाली अळू कसं माजतं ते डोळ्यांसमोर आणा. त्या जागेला आपण सावलीच म्हणतो. पण तिथे दुपारी उभं राहून मान वर केली तर झावळ्यांतून आभाळ दिसतं, जमिनीवर कवडसे सरकत असतात, तांदूळ निवडायला बसलं तर खडा न खडा दिसतो. तेच अळू उचलून माजघरात ठेवलं तर? माजघरातही सावलीच आहे की. शब्द एक, पण दोन जागांच्या उजेडात सहज शंभरपटीचा फरक.

नर्सरीतला माणूस "सावलीत ठेवा" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात माडाखालची सावली असते, कारण त्याचं झाड शेडनेटखाली वाढलेलं आहे. आपण ऐकतो माजघराची. पीस लिली इतकी सोशीक, की माजघरातही दोन-तीन वर्षं पानं राखून जगते. त्यामुळे आपली चूक आपल्याला कळतच नाही. गुलाब असता तर महिन्याभरात वाळून सांगितलं असतं.

हिला बेडरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवण्यामागे आणखी एक कारण असतं: "ही हवा शुद्ध करते, नासानं सांगितलंय." 1989 चा तो अभ्यास खरा आहे आणि त्यात पीस लिलीही होती. पण ते प्रयोग लहान बंद पेट्यांमध्ये केलेले होते. आपल्या घरात खिडक्या-दारांच्या फटींतून जेवढी हवा बदलते त्यापुढे एका कुंडीचं काम काहीच नाही. तेव्हा निदान त्या कारणासाठी तरी तिला अंधारात डांबू नका.

मग नर्सरीत फुलं कशी होती?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर कळल्यावर थोडी फसवणूक झाल्यासारखं वाटलं, पण तो त्या धंद्याचा रिवाजच आहे. मोठ्या प्रमाणावर पीस लिली वाढवणारे लोक विक्रीच्या आधी तिच्यावर जिबरेलिक आम्लाचा फवारा मारतात. हे झाडाच्या अंगात मुळातच असणारं वाढीचं संप्रेरक आहे. बाहेरून दिलं की साधारण अडीच-तीन महिन्यांत सगळ्या कुंड्या एकदम फुलावर येतात. सणाच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर शंभर कुंड्या एकसारख्या फुललेल्या दिसतात त्यामागे बरेचदा हे असतं. म्हणजे ती पहिली फुलं तुमच्या घरच्या उजेडावर आलेलीच नसतात. घरी येणारं पहिलं फूल हीच खरी सुरुवात समजा.

हेच औषध आणून घरी फवारावं का, असं खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. मात्रा जराशी चुकली तरी फुलं वेडीवाकडी येतात, आणि झाडात ताकद नसताना फूल ओढून काढण्यात अर्थ नाही.

डोळे खोटं बोलतात

माणसाचा डोळा उजेडाशी फार पटकन जुळवून घेतो. गॅलरीतून हॉलमध्ये आलं की क्षणभर अंधारल्यासारखं होतं, मिनिटाभरात सगळं स्वच्छ दिसू लागतं. उजेड वाढलेला नसतो, बाहुली मोठी झालेली असते. झाडाला ही सोय नाही. म्हणून मोबाइलवर लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. फोन जिथे झाडाची पानं असतील तिथेच, स्क्रीन वर करून आडवा धरा. आपल्या डोक्याची सावली त्यावर पडू देऊ नका. मी पहिल्या दिवशी तेच केलं होतं. दोन फोनांचे आकडे जुळत नाहीत, माझा आणि मुलाचा फोन एकाच जागी दीडपट फरक दाखवतात. तरी बिघडत नाही. एकाच फोनने सगळ्या जागा मोजल्या की कुठे जास्त, कुठे कमी हे नीट कळतं.

आमचं घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. हॉलची मोठी खिडकी उत्तरेला, स्वयंपाकघराची पूर्वेला, बेडरूम आणि गॅलरी पश्चिमेला. फेब्रुवारीतल्या एका निरभ्र दिवशी सकाळी अकराला वहीत लिहिलेले आकडे असे: सोफ्यामागचा कोपरा, जिथे झाड दोन वर्षं होतं, 110 लक्स. टीव्हीच्या शेजारी 180. खिडकीपासून चार फुटांवर 700. खिडकीच्या कट्ट्यावर 2,000. आणि गच्चीवर, उघड्या उन्हात, फोनचा आकडा लाखाच्या आसपास जाऊन नाचत होता.

त्या कोपऱ्यात मी बसून पेपर वाचायची, चष्मा लावून का होईना. पण गच्चीच्या मानाने तिथला उजेड हजारातला एक भाग! पीस लिलीला नुसती पानं नीट वाढवायला पाचशे-सातशे लक्स तरी दिवसभर हवेत. फुलासाठी माझ्या अनुभवात दोन-अडीच हजारांच्या खाली आशा धरू नये. चार-पाच हजार मिळाले तर छानच. नर्सऱ्या शेडनेटखाली तिला पंधरा-वीस हजारांतही वाढवतात, पण तिथली हवा दमट असते आणि पानं लहानपणापासून त्याच उजेडात तयार झालेली असतात. आपल्या घरच्या झाडावर तो प्रयोग एकदम करायचा नाही.

फोन नको असेल तर जुनी युक्ती आहे. झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा, त्याच्या वर वीतभर-सव्वा वीत हात धरा. सावलीच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आल्या, तर या झाडाला ऊन जास्त आहे. बोटं ओळखू येतात पण कडा मऊ आहेत, तर जागा बरोबर. नुसता एक पुसट डाग, किंवा तोही नाही, तर तिथे फूल येणार नाही. हे सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास असं तीनदा करा. एकदा बघून ठरवण्यात काही अर्थ नाही.

मोजताना मला एक अनपेक्षित चोर सापडला: डासांची जाळी. कट्ट्यावर जाळीमागे 2,000 होते, जाळी सरकवली तर 3,100. एक तृतीयांश उजेड जाळीच खात होती, आणि ती धुळीने माखलेली होती. धुतल्यावर 2,300 झाले. आता दिवसा जाळी सरकवून ठेवते, दिवेलागणीच्या आत लावते. काचेवर काळी फिल्म असेल, समोर नवी इमारत उभी राहत असेल, खिडकीसमोरची भिंत गडद रंगवली असेल, तर अशा चोऱ्या तुमच्याकडेही निघतील. पानांवरची धूळसुद्धा यातच धरा. ओल्या फडक्याने पुसायची, बस. दूध, खोबरेल, चकाकीचे फवारे काही नको.

उत्तरेच्या खिडकीत ऊन येतं का? येतं!

आता या सगळ्यातला खरा घोळ. तिसऱ्या वर्षी मी शहाणी होऊन कुंडी उत्तरेच्या खिडकीशी स्टुलावर ठेवली. सगळीकडे लिहिलेलं असतं, उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, सावलीप्रिय झाडांना ती सर्वांत सुरक्षित. मार्चमध्ये दोन कळ्या दिसल्या. मी पेढे वाटायचीच बाकी होते. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाडाच्या एकाच बाजूची चार पानं करपली. गॅलरीत नाही, पश्चिमेला नाही, उत्तरेच्या खिडकीत! आधी वाटलं कीड आहे. मग एका संध्याकाळी साडेपाचला घरी होते म्हणून दिसलं: खिडकीच्या उजव्या टोकाला, बरोबर त्या चार पानांवर, उन्हाची तिरीप आलेली होती.

याचं कारण आपण कुठे राहतो त्यात आहे. पुणं साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस: पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. नागपूर जरा उत्तरेला, तिथे पहिला दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात. या दोन दिवसांच्या मध्ये दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो. आणि दुपारचं सोडाच, मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवतो तोच पूर्वेच्या उत्तरेला आणि मावळतो पश्चिमेच्या उत्तरेला. जूनमध्ये तर तब्बल पंचवीस अंश उत्तरेला. म्हणजे उत्तरेच्या खिडकीत सकाळी आणि संध्याकाळी तिरकं ऊन येणारच.

"उत्तर सुरक्षित" हा सल्ला लंडन-न्यूयॉर्कच्या लोकांनी त्यांच्या घरांसाठी लिहिला. तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच असतो, आणि हिवाळ्यात इतका खाली की उत्तरेची खिडकी जवळजवळ अंधारी. माझा भाऊ न्यू जर्सीत आहे, त्याने हीच पीस लिली डिसेंबरमध्ये सरळ दक्षिणेच्या खिडकीत ठेवलीय आणि मजेत आहे. त्याचा सल्ला मी पुण्यात पाळला तर एप्रिलपर्यंत भाजी होईल झाडाची. आणि माझा त्याने पाळला तर फूल विसरा.

आता त्या तिरपेचा उपाय, कारण तो अगदीच सोपा निघाला. उत्तरेकडे तोंड करून घरात उभं राहिलं की उजवा हात पूर्वेला, डावा पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन डावीकडून येतं, म्हणून पडतं खिडकीच्या उजव्या टोकाला. सकाळचं ऊन उजवीकडून येतं आणि पडतं डाव्या टोकाला. सकाळी सातचं कोवळं ऊन या झाडाला चालतं, मेच्या संध्याकाळचं तापलेलं ऊन चालत नाही. तेव्हा कुंडी उजव्या टोकावरून उचलून डाव्या टोकाला ठेवली. अडीच फूट अंतर. त्या मेमध्ये एकही नवीन पान करपलं नाही.

बाकीच्या दिशांचं थोडक्यात. पूर्वेची खिडकी या झाडाला वर्षभर मानवते. मार्च ते मे कुंडी फूटभर मागे घ्या. नऊ-साडेनऊनंतरच्या उन्हात धार असते. पश्चिमेला खिडकीपासून चार-पाच फूट आत, नाहीतर मध्ये पडदा हवाच. जाड पडदा लावला तर पुन्हा माजघर होतं, म्हणून मी जुना पांढरा पंचा लावते. एकेरी पंच्यातून माडाखालच्यासारखा मऊ उजेड येतो. दक्षिणेची गंमत उलटी: मे-जूनमध्ये छज्ज्यामुळे तिथे ऊन आत शिरतही नाही, पण डिसेंबरात दुपारचा सूर्य अठ्ठेचाळीस अंशांवर उतरतो आणि छज्जा आडवा आला नाही तर सात फूट उंच खिडकीतून ऊन सहा फूट आत येतं. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत पीस लिली उन्हाळ्यात पुढे आणि थंडीत मागे. लोक नेमकं उलटं करतात.

म्हणूनच हा त्रास दरवर्षी नव्याने उगवतो. जागा ठरते एकदा, ऊन मात्र दर महिन्याला हलत असतं. जानेवारीत उत्तम असलेली जागा मेमध्ये भट्टी होते, आणि मेमध्ये उत्तम असलेली जागा जुलैच्या ढगांखाली अंधारी कोठी. आमच्या कट्ट्यावर फेब्रुवारीत 2,000 होते, तिथे जुलैच्या झडीत भर दुपारी 600 मोजलेत. पावसाळ्यात कुंडी काचेला जवळजवळ टेकवूनच ठेवते.

पानं काय सांगतात

उजेड कमी असेल तर झाड एका बाजूला कलतं, देठ लांबतात, नवीन पान जुन्यापेक्षा लहान येतं आणि रंग गडद, काळपट हिरवा होतो. हा गडद रंगच फसवतो. "बघा किती तजेलदार" असं आपण म्हणतो, आणि झाडाने मिळेल तेवढा उजेड पकडायला हरितद्रव्य वाढवलेलं असतं. उजेड जास्त असेल तर उलट, पानं फिकी, पोपटी-पिवळट दिसतात, कडा आत वळतात, आणि मग डाग.

डागाकडे जवळून बघा, कारण दोन वेगळे आजार इथे एकत्र केले जातात. उन्हाने करपलेला डाग पानाच्या मध्यात, शिरांच्या मधल्या भागात असतो, जी बाजू उन्हाकडे आहे तिथेच. आधी फिकट, मग बदामी, शेवटी हाताला पापडासारखा कोरडा लागतो. खालचं पान वरच्या पानाच्या सावलीत असेल तर त्यावर सावलीचा आकार तसाच हिरवा शिल्लक राहतो. माझ्या त्या चारपैकी एका पानावर ग्रिलच्या गजाची हिरवी रेघ राहिली होती, गोंदल्यासारखी. याउलट नुसती टोकं तपकिरी होत असतील तर तो बहुतेक पाण्याचा, क्षारांचा किंवा कोरड्या हवेचा प्रश्न आहे. टोकं तपकिरी झाली म्हणून कुंडी अंधारात हलवणं म्हणजे दुखतंय पोट आणि बाम चोळलाय कपाळाला.

करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. अर्ध्याहून जास्त गेलं असेल तर देठासकट मुळाशी कापा. थोडंच असेल तर राहू द्या, उरलेला हिरवा भाग झाडाला जेवण करून घालतोय. कापल्यावर हात धुवा. अळवासारखेच बोचरे स्फटिक या पानांतही असतात, चीक डोळ्यांत गेला तर चांगलंच झोंबतं. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्याच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवा. पान चावलं तर तोंडाची आग होते.

पाणी उजेडावर ठरतं, वारावर नाही

शेजारच्या काकूंची गोष्ट. त्यांनी नेमाने सोमवार-गुरुवार पाणी धरलं होतं, उपासासारखं. झाड गॅलरीत होतं तोवर ठीक चाललं. रंगकामासाठी ते आत पॅसेजमध्ये आणलं आणि तिथेच राहिलं. उजेड दहावा हिस्सा झाला, पाणी तेवढंच. महिन्याभराने झाडाने माना टाकल्या. पीस लिलीने माना टाकल्या की तहान लागली, हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून काकूंनी आणखी पाणी घातलं. झाड आणखी मलूल.

मला दाखवायला आणलं तेव्हा कुंडी उचलताच कळलं, ओल्या पोत्यासारखी जड. "अहो काकू, तहान नाही हो, बुडालीय ती." बाहेर काढली तर मुळं तपकिरी, बोटांनी ओढली की वरचं साल हातात यायचं आणि आत नुसता दोरा उरायचा. वास गटारीचा. चांगलं मूळ पांढरं, टणक असतं. अर्ध्याहून जास्त मुळं कापून, लहान कुंडीत, कोकोपीटमध्ये भरड वाळू आणि कोळशाचे तुकडे मिसळून लावली. जगली, पण वर्ष गेलं.

तर माना टाकल्या की आधी कुंडी उचलून बघा. हलकी असेल तर पाणी द्या, दोन-तीन तासांत उभी राहते. जड असेल तर पाण्याला हात लावू नका, कुंडी उजेडात सरकवा. अंधाऱ्या जागी झाड पाणी पीतच नाही. माझ्याकडे तीच कुंडी मेमध्ये तिसऱ्या दिवशी वाळते आणि ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस ओली राहते.

खताचंही तेच. उजेड नसताना खत म्हणजे भूक नसलेल्याला आग्रहाचं वाढणं. आधी जागा सुधारा, नवीन पान मोठं आलेलं दिसू द्या, मग दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळखत पुष्कळ झालं. युरियासारखं नुसतं नत्र देऊन पानांचं जंगल होईल, फूल नाही.

खिडकीच नसेल तर

पॅसेज, ऑफिसचं केबिन, मागच्या इमारतीला चिकटलेली खोली, अशा ठिकाणी दिवा लावा. जांभळे महागडे दिवे घ्यायची गरज नाही. आपली साधी पांढरी 20 वॅटची एलईडी पट्टी पानांच्या फूटभर वर आडवी लावली की तिथे दोन हजारांच्या आसपास लक्स मिळतात. रोज बारा तास. खर्च महिन्याला सात-सव्वासात युनिट वीज. टायमर लावा, नाहीतर विसरायला होतं. छताला लावलेली ट्यूब त्याच वॅटची असली तरी तिचा उपयोग नाही. अंतर वाढलं की उजेड झपाट्याने पडतो, छताखाली सहा-सात फुटांवर शे-दीडशे लक्सच उरतात. रात्री मात्र बंद. झाडालाही अंधार लागतो.

जागा बदलताना

एकदम नको. कोपऱ्यातल्या पातळ, काळपट पानांना कट्ट्यावरचा उजेड सोसत नाही. आठवड्याला फूटभर पुढे, असं तीन-चार आठवड्यांत खिडकीशी आणा. मध्ये पानं फिकी पडायला लागली तर तिथेच थांबा. नंतर दर आठ दिवसांनी कुंडी पाव वळण फिरवा, म्हणजे झाड एकीकडे कलणार नाही.

आणि मग वाट बघायची. जुनी पानं काही फूल देणार नाहीत, नव्या उजेडात तयार झालेलं नवीन पान हवं. जागा बदलल्यापासून दोन ते तीन महिने धरा. माझं फेब्रुवारीत थोडं, आणि पाऊस संपताना थोडं फुलतं. कळी येते ती पानाच्या देठाच्या तळाशी, खोळीसारख्या भागातून. आधी गुंडाळलेलं नवीन पानच वाटतं. बोटांत हलकेच धरून बघा: पानाची गुंडाळी पोकळ आणि लवचीक असते, कळीचं पोट भरलेलं लागतं आणि टोक फिकट असतं. पहिल्यांदा मी तीन दिवस कळीला पानच समजत होते, चौथ्या दिवशी तिची कड पांढरी दिसली.

फूल तीन-चार आठवड्यांनी हिरवट पडतं, ते म्हातारपण आहे, रोग नाही. दांडा तळाशी कापून टाका.

सध्या आमची कुंडी उत्तरेच्या खिडकीत, उजव्या टोकाला आहे. एक फूल उघडलंय, दोन कळ्या देठात आहेत. कालनिर्णयावर 10 एप्रिलच्या चौकटीत लाल पेनाने लिहिलंय, "लिली डावीकडे". त्याच्या खाली मुलाने कंसात प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.